स्पेसर बसवल्यानंतर स्टिअरिंग डगमगू लागल्यास दोष कसा शोधावा

फोर बाय फोर गाडीला स्पेसर, म्हणजे हब (चाक ज्यावर बसते तो फिरता भाग) आणि रिम यांच्यामध्ये घालायची धातूची जाड चकती, बसवल्यावर स्टिअरिंग डगमगू लागले की बहुतेक मालक गाडी थेट व्हील अलाइनमेंटला नेतात, आणि शोधाची दिशा तिथेच चुकते. स्पेसरमुळे टो (वरून पाहता चाक आत-बाहेर वळलेले असण्याचा कोन) किंवा कॅम्बर (समोरून पाहता चाक आत-बाहेर कललेले असण्याचा कोन) बदलत नाहीत. चाक आहे त्याच कोनात राहून फक्त काही मिलिमीटर बाहेर सरकते. बदलतात त्या दोनच गोष्टी. हब आणि रिम यांच्यामध्ये पूर्वी एकच बैठक होती, तिथे आता दोन बैठका आणि नटांचे दोन संच झालेले असतात. शिवाय चाक ज्या किंगपिनाभोवती वळते त्याच्यापासून ते दूर गेल्यामुळे रस्त्याच्या धक्क्याला स्टिअरिंगवर जोर करण्यासाठी अधिक लांब तरफ मिळते. जीपसारख्या सॉलिड एक्सलच्या (दोन्ही चाके एकाच अखंड आडव्या एक्सलवर असलेल्या) गाडीत ३० मिमीच्या स्पेसरने ही तरफ जवळजवळ तेवढ्याच मिलिमीटरने वाढते.

म्हणून दोषही दोनच जातींचे असतात. एक तर चाक मध्यावर किंवा सपाट बसलेले नसते. नाहीतर चाक व्यवस्थित बसलेले असते, पण सांध्यांमधली जी ढिलाई आजवर गप्प होती ती लांबलेल्या तरफेमुळे बोलू लागलेली असते. या दोन्ही जाती एकाच गाडीत एकाच वेळी असू शकतात, हे मला माझ्याच गाडीने दाखवले. पहिला दोष सापडल्याच्या आनंदात मी दुसरा शोधलाच नाही आणि आणखी तीन आठवडे धोक्याची गाडी चालवत राहिलो. तो वेळ आणि तो धोका दुसऱ्या कोणाच्या वाट्याला येऊ नये, एवढ्यासाठी ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

आधी नट, मग रस्ता

डगमग जाणवल्यावर गाडी पुन्हा रस्त्यावर नेऊन वेग वाढवून पाहण्याचा मोह टाळावा. ढिला नट हे डगमगीचे सर्वांत साधे कारण आहे आणि सर्वांत घातकही आहे. बोल्ट करून बसवायच्या स्पेसरमध्ये आतले नट स्पेसरला हबवर धरतात आणि बाहेरचे नट रिमला स्पेसरच्या स्टडांवर (नट ज्यांवर चढतात त्या आटेदार खुंट्यांवर) धरतात. बाहेरचे नट तपासून समाधान मानणारे पुष्कळ जण असतात. आतले नट चाक उतरवल्याशिवाय दिसतच नाहीत, आणि ढिले झालेले नट बहुधा तेच असतात.

गाडी सपाट जागी उभी करावी, हँडब्रेक ओढावा, मागच्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, जॅकने पुढचा भाग उचलून तो घोडीवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) टेकवावा आणि मगच चाक काढावे. नुसत्या जॅकच्या भरवशावर हातसुद्धा आत घालू नये. नट टॉर्क पान्यानेच (ठरवलेल्या जोरापर्यंत आवळणाऱ्या पान्यानेच) तपासावेत. १२ मिमी स्टडांसाठी पुष्कळ गाड्यांत १०० न्यूटन मीटरच्या आसपासचा आकडा दिलेला असतो, पण आपल्या गाडीच्या पुस्तिकेत आणि स्पेसरच्या सूचनेत जो आकडा आहे तोच धरावा. पंक्चरच्या दुकानात हवेच्या गनने आवळलेले नट एकसारखे आवळले जात नाहीत. एक नट अति घट्ट आणि शेजारचा कमी घट्ट असला की बैठक तिरकी होते. आटे स्वच्छ आणि कोरडे असावेत, त्यांना ग्रीस लावू नये, कारण ग्रीस लावलेल्या आट्यावर तोच टॉर्क दिला तर स्टड अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त ताणला जातो.

नट स्टडावर किती फेरे चढतो, हे मोजणे फार महत्त्वाचे आहे. आट्याची पकड निदान स्टडाच्या व्यासाइतकी हवी. १२ मिमीच्या स्टडावर १.२५ मिमी अंतराचे आटे असतील तर निदान साडेनऊ-दहा फेरे बसले पाहिजेत, १.५ मिमीचे असतील तर आठ फेरे. मूळ स्टडांवर नुसता सरकवून बसवायचा पातळ स्पेसर असेल आणि नट पाच-सहा फेऱ्यांतच घट्ट होत असेल, तर डगमगीचे निदान बाजूला ठेवून तो स्पेसर त्याच दिवशी काढून टाकावा.

डगमगीचा स्वभाव

नटांची खात्री झाल्यावर गाडी रस्त्यावर न्यावी, पण त्याआधी दोन किरकोळ वाटणाऱ्या गोष्टी उरकाव्यात. पावसाळ्यात नाशिकजवळच्या पहिने-अंजनेरीच्या बाजूला फिरून आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या कडेला तांबड्या मातीचा थर बसतो, आणि निफाडकडच्या काळ्या मातीचा तर वाळल्यावर दगडच होतो. एका बाजूला अशी मूठभर माती चिकटली तरी स्टिअरिंग थरथरते, आणि स्पेसर त्याच सुमारास बसवला असेल तर दोष विनाकारण त्याच्या माथी जातो. चाके आतून धुवावीत. चिखलात जाण्यासाठी हवा कमी केली असेल तर ती थंड टायरमध्ये पुन्हा पूर्ण भरावी.

चाचणीसाठी रस्ता नेहमी एकच ठेवावा. मी पाथर्डी फाट्यावरून विल्होळीच्या पुढे जाणारा महामार्ग पहाटे वापरतो, कारण त्या वेळी वाहने कमी असतात आणि एक वेग काही मिनिटे स्थिर ठेवता येतो. शेजारी बसलेल्या माणसाने वेग आणि लक्षणे लिहून घ्यावीत. चालकाने लिहू नये आणि लक्षात ठेवण्याचाही भरवसा धरू नये.

ताशी सुमारे ७० ते ९० किलोमीटर वेगाच्या पट्ट्यात थरथर सुरू होऊन त्याहून अधिक वेगाला ती कमी होत असेल, तर चाकाचे वजन समतोल नाही किंवा चाक मध्यावर बसलेले नाही, असे समजावे. १९५/८० आर १५ मापाचे टायर ताशी ८० किलोमीटरला सेकंदाला दहा फेरे घेते. त्या प्रत्येक फेऱ्यात एक ढकल बसते आणि हा ठोका स्टिअरिंगच्या सांगाड्याच्या स्वतःच्या लयीशी जुळला की थरथर वाढते. वीस-तीसच्या वेगालाच स्टिअरिंग सावकाश डावी-उजवीकडे हलत असेल, तर रिम वाकलेली असणे, टायरचे आतले पट्टे सुटलेले असणे किंवा चाक उघडपणे तिरके बसलेले असणे संभवते. कसारा घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवल्यावरच हादरे येत असतील तर डिस्ककडे पाहावे, कारण पुष्कळ गाड्यांत डिस्क हबवर नुसती सरकवलेली असते आणि ती चाकाच्या किंवा स्पेसरच्या नटांनीच दाबली जाते. स्पेसर बसवताना मध्ये गंज राहिला की डिस्कही तिरकी बसते. थरथर हातांपेक्षा आसनाखाली जास्त जाणवत असेल तर शोध मागच्या चाकांपासून सुरू करावा.

या सगळ्यांहून वेगळा असा एक प्रकार आहे. गाडी शांत चाललेली असते, एका खड्ड्यावर किंवा पुलाच्या जोडावर धक्का बसतो आणि त्या क्षणी पुढची दोन्ही चाके जोराने डावी-उजवीकडे फडफडू लागतात. वेग अगदी खाली आणेपर्यंत हे थांबत नाही. माझ्या गाडीला हा झटका पहिल्यांदा शहरातल्या उड्डाणपुलाच्या एका जोडावर आला. स्टिअरिंग हातात धरवत नव्हते आणि मागून ट्रक येत होता. अशा वेळी स्टिअरिंग दोन्ही हातांनी स्थिर धरावे, पण त्याच्याशी झुंजू नये. अॅक्सिलरेटर सोडावा, हळूहळू वेग उतरवून गाडी डाव्या कडेला घ्यावी. हा प्रकार मुख्यतः पुढे सॉलिड एक्सल असणाऱ्या गाड्यांचा, म्हणजे जिप्सी, जिम्नी आणि जुन्या एमएम ५४० किंवा ५५० यांसारख्या जीपांचा. २०२० नंतरच्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, त्यामुळे तिथे शोध बॉल जॉइंट, आर्मचे बुश आणि टाय रॉड एंड (चाक वळवणाऱ्या दांड्याच्या टोकाचा सांधा) यांच्याकडे वळवावा लागतो. हा झटका एकदा जरी आला असेल तर वेगाच्या चाचण्या बंद करून पुढचे सगळे काम गाडी उभी ठेवूनच करावे.

चाक उतरवल्यावर काय पाहावे

बॅलन्सिंगच्या यंत्रावर चाक तीन वेळा चढवून तिन्ही वेळा शून्य आले आणि गाडीवर बसवल्यावर थरथर तशीच राहिली, तर यंत्राला किंवा कारागिराला दोष देऊ नये. यंत्र चाकाला त्याच्या मधल्या भोकातून शंकूने मध्यावर धरते. गाडीवर तेच चाक स्पेसरवर बसते, आणि स्पेसर जर हबच्या मध्यापासून सरकलेला असेल तर समतोल असलेले चाकसुद्धा वेड्यासारखे फिरते. टायरसह २० किलो वजनाचे चाक मध्यापासून अवघे ०.३ मिमी सरकले, तर १५ इंची रिमच्या कडेवर जवळजवळ ३२ ग्रॅमचे वजन एका बाजूला लावल्याइतका असमतोल होतो. हा हिशेब मी कागदावर मांडून पाहिला तेव्हा माझी बॅलन्सिंगची खेप थांबली.

त्यामुळे व्हर्निअर घेऊन दोन मापे घ्यावीत: हबच्या मधल्या उंचवट्याचा बाहेरचा व्यास आणि स्पेसरच्या भोकाचा आतला व्यास. जिप्सी आणि जिम्नी यांच्या स्टडांचे वर्तुळ १३९.७ मिमीचे आणि हबचा मध्य १०८ मिमीचा असतो. पण स्टडांचे वर्तुळ जुळणारे स्पेसर अनेक गाड्यांसाठी मिळून बनवलेले असतात, त्यांचे भोक मोठे ठेवलेले असते आणि दुकानात फक्त ‘पाच होल, बसेल’ एवढेच सांगितले जाते. माझ्या स्पेसरचे भोक ११० मिमी निघाले. दोन मिलिमीटरचा हा फरक म्हणजे स्पेसर कोणत्याही बाजूला एक मिलिमीटरपर्यंत सरकण्याची मोकळीक, आणि आतले नट सपाट बुडाचे असतील तर त्याला मध्यावर ओढणारे दुसरे काहीच उरत नाही. स्पेसरच्या बाहेरच्या बाजूलाही रिमच्या भोकात बसणारा उंचवटा असायला हवा. तो नसेल तर हब बरोबर जुळूनही रिम फक्त नटांच्या आधारावर राहते.

त्यानंतर नटांचे बूड पाहावे. शंकूच्या आकाराचे, गोल बुडाचे आणि वायसर असलेले सपाट असे तीन प्रकार प्रचलित आहेत, आणि रिमच्या भोकाचा आकार नटाच्या बुडाशी तंतोतंत जुळला पाहिजे. लोखंडी रिम काढून अलॉय घातल्या असतील तर जुने नट चालतीलच असे नाही.

आता हबची बैठक. नाशिकच्या पावसाळ्यातून गेलेल्या हबवर उंचवट्याच्या मुळाशी गंजाचे कडे साचते, आणि स्पेसरच्या भोकाची कड नीट चॅम्फर केलेली (तिरकी तासलेली) नसेल तर ती नेमकी त्या कड्यावर अडते. बैठकीच्या एका कडेला ०.१ मिमीचा कण अडकला, तर १५० मिमीच्या बैठकीवरचा तो तिरकेपणा ७०० मिमी व्यासाच्या टायरच्या कडेला जवळजवळ अर्धा मिलिमीटर होतो. वायर ब्रशने गंज काढावा, मग बारीक पॉलिश पेपरने पृष्ठभाग घासावा, पण लोखंड खाईल इतके घासू नये. डिस्क धरून ठेवणारा एखादा स्क्रू वर आलेला असेल किंवा कारखान्यातून स्टडांवर आलेल्या पातळ क्लिपा राहिल्या असतील, तर त्याही स्पेसरला टेकू देत नाहीत. स्पेसर नटांशिवाय हबवर ठेवून बोटांनी चारी कडांना दाबून पाहावा. तो किंचितही डुलत असेल तर कारण तिथेच सापडले.

मूळ स्टडांची टोके स्पेसरच्या बाहेर येतात का, हेही पाहावे. २५ मिमीच्या स्पेसरमधून मूळ स्टड दोन-तीन मिलिमीटर बाहेर डोकावणे सर्रास घडते. अलॉय रिमच्या पाठीला बहुधा खळगे असतात, पण लोखंडी रिमला ते नसतात, आणि मग रिम स्पेसरवर न टेकता स्टडांच्या टोकांवर टेकते. खात्रीसाठी घरातली घट्ट मळलेली कणीक पुरते. प्रत्येक स्टडाच्या टोकावर कणकेची सुपारीएवढी गोळी बसवावी, चाक चढवून नट हाताने फिरवून लावावेत, मग चाक अलगद उतरवून दाबल्या गेलेल्या गोळ्यांची जाडी पाहावी. दोन मिलिमीटरहून पातळ राहिलेली गोळी म्हणजे तिथे पुरेशी मोकळीक नाही, आणि गोळीच्या मधोमध धातू दिसत असेल तर स्टड रिमला उघड टेकतो आहे.

डायल लावणे

एवढे करूनही कारण हाती लागले नाही तर डायल गेज, म्हणजे सूक्ष्म चढउतार दाखवणारे घड्याळासारखे मापयंत्र, लागतो. नाशिककरांना या बाबतीत फार लांब जावे लागत नाही. सातपूर आणि अंबड औद्योगिक वसाहतीत डायल, मायक्रोमीटर आणि सरफेस प्लेट घेऊन बसलेले लेथवाले गल्लोगल्ली आहेत. मी ज्यांच्याकडे गेलो त्या वयस्कर मामांनी स्पेसर हातात घेतल्याबरोबर विचारले, “हब आणलाय का? नुसत्या स्पेसरवर कशाला डायल लावायचा? जोडीने बघावं लागतं.” त्यांचे म्हणणे अगदी योग्य होते. तरीही स्पेसरची जाडी मायक्रोमीटरने पाच ठिकाणी मोजून घ्यावी. जाडीत ०.०५ मिमीहून जास्त फरक आला तर मी तो स्पेसर वापरणार नाही.

खरी मोजणी गाडीवर होते. डायलचा चुंबकी पाया घट्ट जागी बसवावा, टोक प्रथम नुसत्या हबच्या बैठकीवर ठेवून हब सावकाश एक पूर्ण फेरा फिरवावा आणि वर-खाली होणाऱ्या आकड्यांमधला फरक लिहावा. फिरवताना गाडी टू व्हील ड्राइव्हमध्ये असावी, आणि हाताने सोडायचे हब लॉक असतील तर ते सोडलेले असावेत. मग स्पेसर ठरलेल्या टॉर्कला, एकाआड एक नट घेत बसवावा आणि त्याच्या बाहेरच्या सपाटीवर व मधल्या उंचवट्यावर पुन्हा डायल फिरवावा. शेवटी चाक चढवून रिमच्या कडेवर मोजावे. प्रत्येक गाडीची मर्यादा तिच्या सर्व्हिस पुस्तिकेत दिलेली असते. ढोबळमानाने रिमच्या कडेवर एक मिलिमीटरच्या आसपासचा फरक आला की मी तो संशयास्पद धरतो.

फरक सापडला पण तो कोणाचा हे ठरत नसेल, तर एक अतिशय सोपी युक्ती आहे. डायलवर जिथे सर्वांत मोठा आकडा येतो तिथे स्पेसरवर आणि हबवर खडूने खूण करावी. मग स्पेसर काढून तो एका स्टडाने, म्हणजे पाच स्टडांच्या गाडीत ७२ अंशांनी, फिरवून पुन्हा बसवावा. उंच जागा स्पेसरबरोबर फिरली तर दोष स्पेसरचा आहे. ती हबवरच्या खुणेपाशीच राहिली तर हब वाकलेला आहे किंवा बैठकीवर अजून काही अडकलेले आहे. आणि दर वेळी ती तिसऱ्याच ठिकाणी येत असेल तर भोक मोठे असल्यामुळे स्पेसर प्रत्येक वेळी वेगळ्या जागी बसतो आहे. माझ्या बाबतीत हे तिसरे घडले. हबच्या मापाला नेमके जुळणारे स्पेसर बसवल्यावर ८० च्या वेगाची थरथर त्याच दिवशी संपली.

जुनी ढिलाई

थरथर संपली, पण जोडांवर बसणारा झटका राहिला होता. स्पेसर काढून गाडी चालवली की झटका येत नव्हता, म्हणून मी नव्या स्पेसरलाच दोषी ठरवले, आणि तो माझा निष्कर्ष चुकीचा होता. स्पेसर काढल्यावर डगमग थांबते याचा अर्थ स्पेसर खराब आहे असा होत नाही; तरफ आखूड झाल्यावर ढिलाई पुन्हा झाकली गेली, असाही त्याचा अर्थ असू शकतो. डायलवर स्पेसर निर्दोष ठरला असेल तर हा दुसरा अर्थच खरा धरून पुढे जावे.

तपासणीसाठी गाडीची चारही चाके जमिनीवर असताना, पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन चालू ठेवून, एका माणसाने स्टिअरिंग पाव फेरा डावीकडे आणि पाव फेरा उजवीकडे असे सतत हलवत राहावे. दुसऱ्याने बाजूला वाकून, चाकाच्या मार्गात न येता, प्रत्येक सांध्यावर बोटे ठेवून पाहावे. डोळ्यांना न दिसणारी ढिलाई बोटांना कळते: टाय रॉड एंडमध्ये एक बारीक टकटक लागते, पॅनहार्ड रॉडच्या (एक्सलला चासीशी आडवा जोडणाऱ्या दांड्याच्या) बुशमध्ये रॉड आधी सरकतो आणि एक्सल मागाहून येतो, स्टिअरिंग बॉक्सचे बोल्ट ढिले असतील तर अख्खा बॉक्स चासीवर हलतो. पाट्यांच्या (लीफ स्प्रिंगच्या) गाडीत पॅनहार्ड रॉड नसेल तर पाट्यांचे बुश आणि शॅकल (पाट्यांचे टोक चासीला जोडणाऱ्या झुलत्या कड्या) पाहावेत.

यानंतर चाक उचलून वरून आणि खालून धरावे आणि आत-बाहेर हलवावे. ढिलाई जाणवली तर दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगावे. ब्रेक दाबल्यावर ढिलाई नाहीशी झाली तर ती चाकाच्या बेअरिंगची आहे, कारण ब्रेकने डिस्क आणि नकल (हब धरणारा, वळणारा भाग) एक झाले. ती तशीच राहिली तर किंगपिनाची बेअरिंगे, किंवा स्वतंत्र सस्पेन्शन असेल तर बॉल जॉइंट, घासलेले आहेत. माझ्या गाडीत ब्रेक दाबूनही डावे चाक खालच्या बाजूला हलत राहिले. खोलल्यावर किंगपिनाच्या खालच्या बेअरिंगच्या वाटीत रोलरांच्या बारीक खाचा उमटलेल्या दिसल्या, बोटाचे नख त्यांच्यात अडकत होते, आणि ग्रीसच्या जागी गंजट पाणी होते.

या टप्प्यावर अनेक जण जाडजूड स्टिअरिंग डॅम्पर (स्टिअरिंगचे हादरे शोषणारा) सुचवतात. माझे स्पष्ट मत असे आहे की ढिलाई काढण्याआधी नवा डॅम्पर बसवू नये. तो काही महिने झटका दाबून ठेवतो, त्या काळात घासलेला सांधा आणखी घासतो, आणि डॅम्पर थकल्यावर झटका पूर्वीपेक्षा जोराचा येतो. बेअरिंगे बदलून त्यांचा प्रीलोड (बेअरिंगवरचा आधीचा दाब) पुस्तिकेतल्या आकड्याप्रमाणे स्प्रिंग काट्याने लावावा, घासलेले बुश आणि टाय रॉड एंड बदलावेत, आणि टाय रॉड हलवल्यामुळे टो बदलला असेल म्हणून अलाइनमेंट या ठिकाणी, सर्वांत शेवटी, करून घ्यावे. गाडी उंच केलेली असेल तर त्याच वेळी कॅस्टरही (किंगपिनाचा मागे कललेला कोन) मोजून घ्यावा, कारण उंची वाढवल्याने कॅस्टर कमी होतो आणि चाकांची आपोआप सरळ होण्याची ताकद घटते.

सगळे जागेवर बसल्यावर ५० ते १०० किलोमीटर चालवून आतले आणि बाहेरचे दोन्ही नट पुन्हा टॉर्क पान्याने तपासावेत. आतल्यांसाठी चाक उतरवावेच लागते. आतल्या प्रत्येक नटावरून स्पेसरवर जाणारी पिवळ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी, म्हणजे पुढच्या वेळी चाक उतरवल्याबरोबर रेघ तुटलेली आहे की सलग आहे हे एका नजरेत कळते. माझ्या गाडीतल्या दहाही रेघा पहिल्या शंभर किलोमीटरनंतर सलग होत्या, आणि त्याच उड्डाणपुलाच्या त्याच जोडावरून जाताना स्टिअरिंगमध्ये फक्त जोडाचा एक ठोका आला.